लोकसंख्याशास्त्रात पीएचडी, त्यातही स्थलांतर : करिअर म्हणून कितपत शहाणपणाचं?

चौकस

नमस्कार मंडळी. संख्याशास्त्रात एमएससी करून सध्या विमा क्षेत्रात काम करते. दिवसभर लाइफ टेबल (कुठल्या वयात किती जण जगतात, किती मरतात याचे तक्ते), मृत्युदर आणि त्यांचे अंदाज. काम वाईट नाही, पण माणसं मरतात कधी यापेक्षा माणसं जातात कुठे हा प्रश्न हल्ली डोकं जास्त खातोय. म्हणून लोकसंख्याशास्त्रात पीएचडी करावी आणि विषय स्थलांतर घ्यावा, असं मनात आहे.

शंका बऱ्याच आहेत. आधी लोकसंख्याशास्त्र पक्कं करून मग स्थलांतराकडे वळावं, की थेट स्थलांतर अभ्यासाच्या एखाद्या केंद्रात शिरावं? प्राध्यापकी मिळते का, नाही मिळाली तर काय? आणि जो तो सांगतो की स्थलांतराचा डेटा फार वाईट असतो. म्हणजे नक्की किती वाईट?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'करू नकोस' असा सल्ला असेल तर तोही चालेल, फक्त कारणासकट द्या.

रातकिडा

करू नकोस. कारण : मी केली.

(गंमत हो. येऊ द्या, खुर्ची टाकून बसलोय.)

तळटीप

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच अडकलेली आहेत.

लोकसंख्या बदलते ती तीनच वाटांनी : जन्म, मृत्यू आणि ये-जा. जन्म एकदाच होतो, मरणही एकदाच येतं, आणि दोन्ही झालं की नाही यावर सहसा वाद नसतो. स्थलांतर कितीही वेळा होतं, उलटंही फिरतं, आणि ते झालं का हे सांगण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : कुठली हद्द ओलांडली आणि किती काळासाठी. संयुक्त राष्ट्रांची १९९८ची शिफारस अशी, की नेहमीच्या राहण्याचा देश किमान १२ महिन्यांसाठी बदलला तर दीर्घकालीन स्थलांतर, ३ ते १२ महिने असेल तर अल्पकालीन. कागदावर छान. मोजताना मात्र प्रत्येक देशाने आपापली सोय पाहिली. नेहमीचं उदाहरण पोलंड-जर्मनीचं. जर्मनीत पत्ता नोंदवला की तुम्ही आलात. पोलंडच्या नोंदीत मात्र 'कायमचा चाललो' असं सांगून नाव काढल्याशिवाय तुम्ही गेलेलेच नसायचात. त्यामुळे पोलंडहून जर्मनीत आलेल्यांचा जर्मन आकडा त्याच प्रवासाच्या पोलिश आकड्याच्या कित्येक पट निघायचा. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

जिथे नोंदच नाही तिथे स्थलांतर 'जे उरलं ते' म्हणून काढतात. समजा एका प्रदेशात पहिल्या जनगणनेत २० ते २४ वयाचे ५०,००० पुरुष सापडले. दहा वर्षांत त्यातले ९८ टक्के जगणार, म्हणजे पुढच्या जनगणनेत ३० ते ३४ वयाचे ४९,००० हवेत. सापडले ४६,०००. झालं, निव्वळ (म्हणजे येणारे-जाणारे वजा करून) ३,००० बाहेर गेले. आता कळतं की या वयाचे पुरुष मोजणीतून हमखास सुटतात आणि दुसऱ्या जनगणनेत २ टक्के सुटले होते. म्हणजे खरे होते ४६,९३९. बाहेर गेलेले उरले २,०६१. मोजणीतल्या २ टक्क्यांनी स्थलांतराचा जवळपास तिसरा हिस्सा खाल्ला. जगण्याचं प्रमाण ९८ ऐवजी ९७ धरलं तर त्या आकड्यातून आणखी ५०० कमी झाले.

हे गणित ज्याला झोपेतही जमतं तो स्थलांतराच्या आकड्यावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही, आणि या क्षेत्रात तीच खरी मिळकत. लाइफ टेबल तुमच्या हाताखालून रोज जातं. म्हणून माझं मत : आधी लोकसंख्याशास्त्र.

आकडेमोड

तळटीप यांच्याशी सहमत. मी एका सांख्यिकी कार्यालयात आहे (कुठलं ते विचारू नका). 'डेटा वाईट' म्हणजे काय हे पाहायचं तर ब्रिटनची गोष्ट वाचा. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हीच सांगतो.

तिथे १९६१ पासून प्रवाशांचा एक नमुना सर्व्हे चालायचा. विमानतळ-बंदरांवर काही प्रवाशांना थांबवून प्रश्न विचारायचे. मूळ काम प्रवास आणि पर्यटनावरच्या खर्चाचा हिशेब. पण देशात किती लोक राहायला आले, किती गेले, याचा अंदाजही हळूहळू त्यावरच बेतला जाऊ लागला. एवढ्या प्रवाशांत राहायला आलेले मूठभर, आणि त्यांनाही विचारायचं काय, तर किती दिवस राहायचा इरादा आहे. इरादा!

२००४ मध्ये पूर्व आणि मध्य युरोपातले देश युरोपीय संघात आले. लोक स्वस्त विमानांनी छोट्या विमानतळांवर उतरू लागले आणि सर्व्हेचा भर राहिला मोठ्या विमानतळांवर. २०११ च्या जनगणनेत माणसं अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघाली. मग मागच्या दशकाचं निव्वळ स्थलांतर ३,४६,००० ने वाढवून दुरुस्त करावं लागलं. २०२० मध्ये तो सर्व्हे या कामासाठी बंदच केला आणि प्रशासकीय नोंदींवर गाडी वळवली.

त्याच प्रसंगातला अंदाजाचा भागही बघा. २००३ मध्ये एका अभ्यासाने सांगितलं होतं की नव्या देशांतून वर्षाला निव्वळ ५,००० ते १३,००० लोक येतील. आले कितीतरी जास्त, आणि संशोधकांची वर्षानुवर्षं टर उडवली गेली. पण त्या अंदाजात स्पष्ट धरलं होतं की जर्मनीसकट बाकीचे देशही दारं उघडतील. प्रत्यक्षात लगेच पूर्ण उघडली ती ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननेच. गृहीतक बातमीत छापत नाहीत, आकडा छापतात. स्थलांतरात करिअर करायचं असेल तर आपला आकडा कोणाच्या तोंडी जाणार आहे याचा विचार आधी करून ठेवायचा.

पाऊलवाट

सगळे आकडेवाले एका बाजूला बसलेत, तर थोडं दुसरीकडून.

माणूस का निघतो हे उणे-अधिक करून कळत नाही. भूगोलतज्ज्ञ रॅव्हनस्टाइनने १८८५ मध्ये स्थलांतराचे 'नियम' मांडले ते ब्रिटनच्या जनगणनेतल्या जन्मस्थानाच्या तक्त्यांवरून : बहुतेक लोक जवळच जातात, प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, कमी अंतरावर बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात. आजही बरंच लागू पडतं, मान्य. पण का, हे त्या तक्त्यांत नव्हतं. १९६० च्या दशकात 'ओढ आणि रेटा' (तिकडची ओढ, इकडचा रेटा) हा सिद्धांत आला, मग मजुरीतला फरक आणि नोकरी मिळण्याची शक्यता यांचं अर्थशास्त्र आलं. तरी एकाच गल्लीतला एक जातो आणि दुसरा का जात नाही, हे सुटेना.

ज्यांनी ते सोडवलं त्यांनी मोजणं आणि विचारणं वेगळं ठेवलं नाही. डग्लस मॅसी आणि होर्हे दुरांद या संशोधकांचा मेक्सिकोतला प्रकल्प १९८२ पासूनचा. नमुन्याने घरं निवडायची, पण घरात बसून गप्पांच्या ओघात प्रत्येकाच्या जाण्या-येण्याचा आयुष्यभराचा हिशेब मांडायचा. शिवाय सीमेपलीकडे स्थिरावलेल्यांनाही गाठायचं. त्यातून जे निघालं ते कुठल्याच सरकारी तक्त्यात दिसलं नसतं. पूर्वी तरुण पुरुष जायचे, कमवायचे, परत यायचे. अमेरिकेने सीमा आवळली तसं ओलांडणं महाग आणि जिवावरचं झालं, म्हणून एकदा पोचलेला परतेना, उलट बायकापोरांना बोलावू लागला. येणाऱ्यांवर फारसा फरक नाही, परतणारे घटले. म्हणजे बंदोबस्ताने राहणारे वाढवले.

तेव्हा चौकसताई, थेट स्थलांतर अभ्यासाच्या केंद्रात गेलात तरी काही बिघडत नाही. उलट भूगोलवाले, मानववंशवाले, कायदेवाले शेजारी मिळतील. गणित तुम्हाला येतंच आहे, ऐकणं शिकून घ्या.

तळटीप

पाऊलवाट, उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत! येणारे तितकेच आणि परतणारे कमी हे दिसलं, कारण त्यांनी दोन्ही प्रवाह वेगळे मोजले. नुसता निव्वळ आकडा पाहिला असता तर 'येणारे वाढले' म्हणून कोणीही छापलं असतं. लोकसंख्यातज्ज्ञ आंद्रेई रॉजर्स आयुष्यभर हेच सांगत राहिले की निव्वळ स्थलांतरित नावाचा माणूस जगात कुठेच नसतो. असतो तो जाणारा नाहीतर येणारा.

रॉजर्सचा विषय निघालाच आहे तर चौकस यांना हे आवडेल. स्थलांतराचा वयानुसार आलेख काढला तर देश कुठलाही असो, साधारण एकच आकार निघतो. तान्ही मुलं आईबापांबरोबर हलतात म्हणून सुरुवात उंच, शाळेच्या वयात उतार, विशीत उंच सुळका, मग लांब घसरण, आणि काही ठिकाणी निवृत्तीच्या सुमाराला छोटा उंचवटा. रॉजर्स आणि कास्त्रो यांनी १९८१ मध्ये याचं सूत्र बसवलं, गरजेप्रमाणे ७ पासून १३ पर्यंत प्राचल (आलेखाचा आकार ठरवणारे आकडे). मृत्यूच्या वक्रांवर हात बसलेल्या माणसाला हे चार दिवसांत अंगवळणी पडतं. जिथे डेटा फाटका आहे तिथे आजही हेच ठिगळ कामाला येतं.

ऐकणं शिकावं याबद्दल मात्र वाद नाही. प्रश्नावली कोणी, कुठे बसून, कोणासमोर भरून घेतली हे माहीत नसलेल्या लोकसंख्यातज्ज्ञाचे पेपर मला परीक्षणाला येतात. डोकेदुखी होते.

अर्धविराम

करिअरबद्दल कोणीच बोलेना, म्हणून मी बोलते. सध्या पोस्टडॉक (पीएचडीनंतरची कराराची संशोधन नोकरी), करार संपत आलेला.

लोकसंख्याशास्त्राचे स्वतंत्र विभाग जगात थोडेच. पॅरिसची इनेड १९४५ ची, मुंबईची आयआयपीएस १९५६ ची, रोस्टॉकची माक्स प्लांक संस्था १९९६ ची, शिवाय व्हिएन्ना, हेग आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांची लोकसंख्या केंद्रं. बाकी ठिकाणी आपण पाहुणे : समाजशास्त्रात, अर्थशास्त्रात, भूगोलात नाहीतर सार्वजनिक आरोग्यात. याचा अर्थ प्राध्यापकीची जाहिरात 'लोकसंख्याशास्त्र' म्हणून क्वचितच येते. 'समाजशास्त्र, संख्यात्मक पद्धती' अशी येते. म्हणून पीएचडी करतानाच ठरवा की तुम्ही कोणत्या यजमान विषयाचा मूळ अभ्यासक्रम शिकवू शकता. मुलाखतीत समितीला तुमच्या संशोधनाइतकंच पहिल्या वर्षाच्या पोरांना कोण शिकवणार याचं पडलेलं असतं.

युरोपात जायचं असेल तर तिथल्या संस्थांनी मिळून चालवलेली डॉक्टरल स्कूल आहे, पीएचडीच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांसाठी, साधारण वर्षभराची. पद्धतींचं इतकं घट्ट शिक्षण एका जागी क्वचित मिळतं. आणि ओळखी होतात, ज्या पुढे उपयोगी पडतात हे सांगायला नकोच.

पेपरांचं म्हणाल तर अर्थशास्त्रातल्या मित्रांसारखी एका पेपरासाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत नाही. 'डेमोग्राफिक रिसर्च' १९९९ पासून सगळ्यांना मोफत वाचता येतं आणि लेखकाकडूनही पैसे घेत नाही. सुरुवातीला उत्तम.

बाकी कराराची नोकरी, दर दोन-तीन वर्षांनी नवा देश, नवा व्हिसा, जोडीदाराच्या नोकरीचा खेळखंडोबा हे सगळं आहेच. आमच्यातलेच काही जण पेपरांवरच्या पत्त्यांवरून संशोधकांचं स्थलांतर मोजतात. त्या डेटात मी स्वतः एक ओळ आहे, बाण अजून कुठेच टेकलेला नाही.

रातकिडा

अर्धविराम, +१. मी म्हणूनच बाहेर पडलो. पण बाहेर उपाशी मरत नाही हो कोणी. माझ्या ओळखीतले सांख्यिकी कार्यालयांत, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागात, आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या बर्लिनमधल्या डेटा केंद्रात, आरोग्य खात्यांत आहेत, आणि एक-दोघं चक्क विम्यात. म्हणजे चौकस, तुम्ही जिथून निघताय तिथे!

चौकस

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. रातकिडा, शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं. :)

अजून एक. हल्ली फेसबुक, ट्विटर, मोबाइलचे सिग्नल यांवरून स्थलांतर मोजण्याचे बरेच पेपर दिसतात. मला पायथॉन, आर दोन्ही येतं. त्यात शिरावं का?

आकडेमोड

शिरा, पण थिसिसचा पाया त्यावर घालू नका. जाहिरातदारांना दाखवतात ते फेसबुकचे आकडे वापरून, अमुक देशातून आलेले तमुक ठिकाणी किती, असे अंदाज काढता येतात हे २०१७ च्या सुमारास दाखवलं गेलं. अधिकृत आकडे यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तिथे हे लगेच मिळतं. पण कंपनी व्याख्या कधी बदलेल ते सांगत नाही. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांची मोफत वाट बंद केली आणि कित्येकांचे अर्धवट थिसिस अधांतरी राहिले.

सरकारी डेटा त्याहून सुरक्षित, असंही नाही म्हणा. विकसनशील देशांतल्या आरोग्य आणि लोकसंख्या सर्व्हेंचा १९८४ पासूनचा मोठा कार्यक्रम अमेरिकेने पैसा काढून घेतल्यावर २०२५ च्या सुरुवातीला एका झटक्यात थांबला. त्यावर अवलंबून असलेल्यांनी काय करायचं? जुन्या फेऱ्यांचा डेटा आहे तोवर उतरवून घ्या, एवढंच त्या वेळी सगळे एकमेकांना सांगत होते. जनगणनेच्या नमुन्यांसाठी मिनेसोटाचं आयपम्स आहे, शंभराच्या आसपास देश, व्याख्या जुळवून दिलेल्या, फुकट. नाव नोंदवून आजच एक फाईल काढून बघा.

पाऊलवाट

थोडं अवांतर, पण डेटाच्या गप्पा चालल्यात म्हणून. नेदरलँड्सच्या लोकसंख्या नोंदी युद्धाआधी अत्यंत नेटक्या होत्या, धर्मासकट. जर्मनांनी देश घेतल्यावर ज्यू शोधायला त्याच कामी आल्या. २७ मार्च १९४३ ला प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला करून कार्डं जाळायचा प्रयत्न केला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना गोळ्या घातल्या गेल्या. अमेरिकेतही १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लोकांना हलवताना जनगणनेचे छोट्या विभागांचे तक्ते वापरले गेले. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांवर काम करणार असाल तर 'मला हा तपशील खरंच हवा आहे का' हे फॉर्म बनवतानाच विचारायचं. नैतिकता समितीची सही मिळाली म्हणजे काम झालं असं नसतं.

तळटीप

पाऊलवाटांना अनुमोदन. माझे काही विद्यार्थी नकाशा सुंदर दिसावा म्हणून गावपातळीचा डेटा मागतात. जिल्ह्याने भागतं.

चौकस, विषय सुचवू का? तुम्हाला मृत्यूचं गणित येतं आणि तुम्हाला स्थलांतर हवं आहे. मग मधलाच विषय घ्या : स्थलांतरितांचा मृत्युदर. श्रीमंत देशांत आलेले स्थलांतरित, बऱ्याचदा गरीब असूनही, स्थानिकांपेक्षा कमी मरताना दिसतात. एक स्पष्टीकरण असं की निघतात तेच मुळात धडधाकट. दुसरं असं की आजारी पडले की मायदेशी परततात आणि त्यांचं मरण तिकडच्या हिशेबात जातं. तिसरं निव्वळ नोंदणीचं, आणि मला सगळ्यात चविष्ट वाटणारं. माणूस न सांगता निघून गेला की नोंदवहीत तो जिवंतच राहतो. दर वर्षी छेदात मोजला जातो, अंशात कधीच येत नाही. वय वाढत जातं, मरत मात्र नाही.

हे किती मोठं असू शकतं? जर्मनीत २०११ ची जनगणना झाली तेव्हा नोंदींपेक्षा जवळपास १५ लाख माणसं कमी निघाली, आणि त्यातले सुमारे ११ लाख परदेशी नागरिक होते. एवढे लोक छेदातून गेल्यावर परदेशी नागरिकांच्या म्हातारपणीच्या मृत्युदराचं काय होईल ते तुम्ही आम्हाला सांगा. तुमचाच प्रांत आहे.

चौकस

छेद फुगलेला, म्हणजे दर खाली ओढला गेलेला, आणि जितकं वय जास्त तितका परिणाम मोठा, कारण न गेलेले मरत जातात आणि गेलेले 'अमर' साचत जातात. पंचाऐंशीच्या पुढे तर गटात बहुतेक तेच उरतील. विम्यात याला आम्ही मृत्यूची माहिती न पोचलेल्या पॉलिसी म्हणतो. पेन्शनच्या फायलींत रोज पाहते मी हे! जिवंत असल्याचा पुरावा दर वर्षी मागतात तो याचसाठी.

तर मग असं करता येईल का, की कर, पगार, दवाखाना अशा कुठल्याच नोंदीत सलग काही वर्षं न दिसलेले लोक 'बहुधा गेले' धरून छेद दुरुस्त करायचा, आणि मग स्थलांतरितांचा फायदा किती उरतो ते बघायचं?

तळटीप

करता येईल, आणि स्वीडनसारख्या ठिकाणी या दिशेने काम झालंही आहे. तिथे प्रत्येकाला १९४७ पासून ओळख क्रमांक आहे, नोंदी एकमेकींना जोडता येतात. नवं करायला वाव आहे तो 'बहुधा' या शब्दात. न दिसलेली म्हातारी बाई देश सोडून गेली, की नुसती मुलाच्या घरी बसून आहे, कर नाही, पगार नाही, दवाखानाही नाही? दोन्ही शक्यतांना वजन देऊन दराला पट्टा (किमान ते कमाल) लावा, एकच आकडा देऊ नका. प्रस्ताव याच्याभोवती लिहा.

गाईड निवडताना त्याचे पेपर किती ते नंतर पाहा. त्याच्याकडे जोडलेल्या नोंदींची परवानगी आधीच आहे का, आणि तुमचं नाव त्यात घालता येतं का, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारा.

अर्धविराम

आणि त्याचे आधीचे विद्यार्थी आत्ता कुठे आहेत तेही. त्यांनाच लिहा, गाईडला विचारू नका.

आकडेमोड

परवानगीबद्दल कार्यालयाच्या आतली गोष्ट. अर्जात माणसाच्या देशात प्रवेशाची आणि शेवटच्या नोंदीची पूर्ण तारीख मागू नका, महिना आणि वर्ष मागा. जन्मतारखेचंही तसंच. दिवसासकट मागितलं की 'गरज स्पष्ट करा' असा शेरा मारून फाईल परत येते आणि पुढच्या बैठकीपर्यंत पडून राहते. मृत्युदराला महिना पुरतो.